डोळा, गंध आणि शिकारी भुंगेरा

भुंगेरा म्हटले की शेणाचे गोळे ढकलणारा शेणकिडा किंवा धान्य पोखरणारा सोंडकिडा आठवतो. पण याच गणात पट्टीचे शिकारीही आहेत. त्यांच्यापुढचा प्रश्न अवघड आहे. तुरीच्या डाळीएवढे शरीर, मोहरीएवढे भक्ष्य आणि शोधायला अख्खे शेत. भिस्त डोळ्यांवर ठेवावी की गंधावर? निसर्गात दोन्ही उत्तरे सापडतात आणि दोन्हींना मर्यादा आहेत.

नजरेने शिकार करणाऱ्यांत टायगर बीटल, म्हणजे वाघ-भुंगेरा, अग्रभागी आहे. बटबटीत डोळे, विळ्यासारखे जबडे आणि उघड्या वाळूवर झपझप धावणे ही त्याची ओळख. ऑस्ट्रेलियातील एका जातीचा वेग सेकंदाला अडीच मीटर, म्हणजे ताशी ९ किलोमीटर, मोजला गेला आहे. अंगाची लांबी दोन सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एका सेकंदात तो स्वतःच्या लांबीच्या शंभरपटीहून अधिक अंतर कापतो. तरीही भक्ष्यामागे लागलेला वाघ-भुंगेरा पुष्कळदा सलग धावत नाही. धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे कोल गिल्बर्ट यांनी याचे कारण शोधले. एवढ्या वेगात त्याच्या डोळ्यांना प्रतिमा उमटण्यापुरता प्रकाश गोळाच करता येत नाही. भक्ष्य दिसेनासे होते, म्हणून थांबून पुन्हा नेम धरावा लागतो. मग वाटेतल्या अडथळ्यांचे काय? गिल्बर्ट आणि डॅनिएल झुरेक यांनी २०१४ साली दाखवले की, ते त्याला समोर ताठ धरलेल्या शृंगिकांच्या, म्हणजे मिशांच्या, स्पर्शाने कळतात. अंध माणसाच्या हातातल्या काठीसारखाच हा प्रकार.

उघड्या वाळूवर हे जमते. पानांच्या गर्दीत नजर कुठवर पोचणार? तिथे गंध कामी येतो. मावा पानातला रस शोषू लागला की झाड एरवीपेक्षा वेगळे वास हवेत सोडते. त्यांपैकी एक मिथाइल सॅलिसिलेट. हा वास आपल्या ओळखीचा आहे. दुखऱ्या गुडघ्यांवर चोळायच्या गंधपुऱ्याच्या तेलाचा तो मुख्य घटक. सोयाबीनवरील माव्याच्या अभ्यासात सात ठिपक्यांचा ढालकिडा या वासाकडे ओढला जातो, असे आढळले आहे. मावा स्वतःही सुगावा देतो. शत्रूने धरलेला मावा पाठीमागच्या दोन नळ्यांतून थेंब सोडतो. त्यातल्या बीटा-फार्नेसिनच्या वासाने शेजारचे मावे पळू लागतात, तर काही ढालकिडे त्याच वासाच्या रोखाने येतात. जातभाईंना दिलेला इशारा शत्रूलाही पत्ता सांगतो.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील पाइनच्या जंगलांतही हेच घडते. साल पोखरणारे भुंगेरे एकमेकांना बोलावण्यासाठी फ्रॉन्टॅलिन नावाचे गंधद्रव्य सोडतात आणि थॅनासिमस हा शिकारी भुंगेरा त्याच हाकेवर झाडाशी हजर होतो.

मात्र गंध झाडापर्यंत आणतो, भक्ष्याच्या पुढ्यात नेऊन सोडत नाही. शेवटच्या थोड्या अंतरात प्रौढ ढालकिड्याला नजर मदत करते. अळीला तर भक्ष्य बहुधा त्याला धडकल्यावरच कळते. ही उणीव चालीने भरून निघते. एक मावा खाल्ला की ढालकिडा वेग कमी करतो आणि वळणे घेत तिथेच घुटमळतो. मावा वस्ती करून राहतो. एक सापडला तिथे दुसरा असणारच. काही वेळ काही मिळाले नाही, की तो पुन्हा सरळ वाट धरतो.

या ज्ञानाचा संबंध थेट आपल्या शेताशी आहे. द्राक्ष आणि सीताफळाच्या बागांत पिठ्या ढेकूण मोठे नुकसान करतो. त्याचा शत्रू क्रिप्टोलिमस हा मूळ ऑस्ट्रेलियाचा ढालकिडा. भारतात तो १८९८ साली आणला गेला. त्याची मादी पिठ्या ढेकणाच्या कापसासारख्या अंडीपुंजात आपली अंडी घालते. बाहेर पडणाऱ्या अळीच्या अंगावरही पांढऱ्या मेणाचे तंतू असतात. पाहणाऱ्याला वाटते, कीड वाढली. फवारणी होते आणि राखणदारच मारला जातो. माव्याच्या बाबतीतही तेच. मावा नराशिवाय पिल्ले देतो, त्यामुळे सरसकट मारणाऱ्या औषधानंतर त्याची संख्या आधी वाढते. ढालकिड्याची पिढी तयार व्हायला कितीतरी दिवस जातात. मधल्या काळात झाड हाक मारत राहते, पण ओ द्यायला कोणी उरलेले नसते.

त्यामुळे पंप पाठीवर घेण्याआधी पान उलटून पाहावे. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. क्रिप्टोलिमसची अळी चालती-फिरती असते, तिचे तंतू लांब असतात आणि पूर्ण वाढल्यावर ती पिठ्या ढेकणाहून बरीच मोठी दिसते. काडीने हलकेच डिवचले तरी फरक कळतो. शिकारी भुंगेरा गंध, नजर आणि स्पर्श अशा तिन्हींची खातरजमा करून भक्ष्य गाठतो. आपण निदान नजर तरी नीट वापरावी.