विज्ञान प्रदर्शनाच्या प्रकल्पात शास्त्रज्ञ नेमकी कसली मदत करतात?

शाळेचं विज्ञान प्रदर्शन म्हटलं की सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी आलाच. फेस येतो, टाळ्या पडतात. पण फेस येणार हे आधीच माहीत असतं, मग शोधलं काय?

सोलापूरचंच उदाहरण घ्या. इथल्या चादरीसारखंच टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. समजा, आठवीतल्या एका मुलीला प्रश्न पडला, नवा टॉवेल पाणी नीट का टिपत नाही? प्रश्न झकास आहे, पण यावर प्रयोग काय करणार?

इथं शास्त्रज्ञ कामाला येतो. तो उत्तर सांगत नाही, उलट विचारतो, "टिपत नाही हे मोजणार कसं?" मग बोलता बोलता ठरतं की एकाच टॉवेलचे सारखे तुकडे कापायचे. काही कोरे, काही एकदा धुतलेले, काही पाचदा. सगळे पूर्ण वाळवायचे. एकेक तुकडा पाण्यावर अलगद सोडायचा आणि बुडायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजायचं. कापड उद्योगातही अशी चाचणी करतात. साबण, पाणी तेच ठेवायचं, बदलायचं फक्त किती वेळा धुतलं ते. आणि प्रत्येक प्रकारचे निदान पाच तुकडे, कारण एका आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

नव्या कापडावर मऊपणासाठी लावलेलं रसायन धुण्यानं निघून जातं, असा अंदाज बांधता येतो. आकडे उलटे आले तर? ते खोडायचे नाहीत. वहीत तसेच राहू द्यायचे. घरच्यांनी किंवा दुकानदारानं करून दिलेला प्रकल्प परीक्षकांच्या दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो. ही वही मात्र बोलते.

असे प्रकल्प न्यायचे कुठं? राष्ट्रीय बालविज्ञान परिषद 1993 पासून भरते. त्यात 10 ते 17 वर्षांची मुलं आपल्या भागातल्या प्रश्नावर काम करतात. इन्स्पायर-मानक योजनेत निवड झाली तर विद्यार्थ्याच्या खात्यात 10,000 रुपये येतात.

पुण्यातल्या आयुकात शाळकरी मुलं उन्हाळ्यात आठवडाभर शास्त्रज्ञांबरोबर काम करतात, तेही ठरलेल्या अभ्यासक्रमाशिवाय. सोलापुरात शास्त्रज्ञ शोधायचे तर आधी केगाव गाठावं. विद्यापीठ, डाळिंब संशोधन केंद्र आणि विज्ञान केंद्र, तिन्ही तिथंच आहेत.

फक्त "सर, विषय द्या" असा मेसेज टाकू नका. आपला प्रश्न, आतापर्यंत काय करून पाहिलं आणि कुठं अडलं, एवढं चार ओळींत लिहा. अशा मेसेजला उत्तर देणं त्यांनाही सोपं जातं.