सातबारा, तलाठी आणि ग्रँट-रिव्होक

व्हायवाला "ग्रँट म्हणजे काय?" असं विचारलं की आपण "परमिशन देणे, सर" म्हणतो आणि छताकडे बघतो. मी कॉन्व्हेंटची, पुस्तकं सगळी इंग्लिश; पण हा चॅप्टर मला खरा कळला तो लातूरकडच्या आमच्या गावातल्या सातबाऱ्यावरून!

शेत विकलं की तलाठी (२०२४ पासून 'ग्राम महसूल अधिकारी', पण गावात तलाठीच) फेरफार नोंदवहीत नोंद घेतो. ती लगेच सातबाऱ्यावर चढत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे चावडीवर नोटीस लागते, हरकतीला १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. कॉम्प्युटरवर ई-फेरफार आलं तरी हे तसंच आहे. एकाच माणसाकडे दोन्ही असतं, तर रातोरात कुणाचंही शेत कुणाच्याही नावावर!

आता हेच आपल्या डेटाबेसमध्ये मांडू. टेबलं माझी, समजण्यापुरती. 'फेरफार' टेबलवर तलाठी रोलला इन्सर्ट. मंडळ अधिकारी रोलला सिलेक्ट, आणि अपडेट फक्त 'स्थिती' या एका कॉलमवर. 'सातबारा' टेबलवर थेट अपडेट यांपैकी कुणालाच नाही. ते काम स्टोअर्ड प्रोसिजर करते. शेतकऱ्याला व्ह्यूवर सिलेक्ट, बस्स.

रोल हा खुर्चीचा असतो, माणसाचा नाही. साहेबांची नांदेडला बदली झाली की एक रिव्होक, नवीन साहेबांना एक ग्रँट. टेबल-टेबल हिंडायची गरज नाही.

'विथ ग्रँट ऑप्शन' मात्र जपून! मिळालेला हक्क पुढे वाटायचीही त्यात मुभा असते. मग मूळ माणसाचा हक्क काढला तर त्याने वाटलेल्यांचं काय? ग्रिफिथ्स आणि वेड यांनी आयबीएमच्या सिस्टिम आरसाठी १९७६ मध्ये उत्तर दिलं: कुणी कुणाला दिलं याची नोंद ठेवा आणि खालची साखळीही काढा, ज्याला दुसरीकडूनही तोच हक्क मिळालाय, त्याचा तेवढा राहू द्या. पोस्टग्रेस नुसत्या रिव्होकला अशा वेळी एरर देतं, 'कॅस्केड' लिहावं लागतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कमांडने होत नाही. मंडळ अधिकाऱ्याचा पासवर्ड तलाठ्याला माहीत असेल तर डेटाबेसला दोन माणसं दिसतात, खुर्चीत बसलेला एकच असतो. असो. आपल्या मिनी प्रोजेक्टमध्ये तर चौघंही रूटने लॉगिन करतात. सबमिशनच्या आधी एकदा मायएसक्यूएलमध्ये 'शो ग्रँट्स' मारून बघाच.