चुकू द्या की तिला!

मैत्रिणींनो, आमच्या वर्ध्याच्या मैदानावर माझी लेक बास्केटबॉल खेळते. पळते छान, पण चेंडू हाती आला की लगेच दुसरीला देऊन टाकते. का गं? तर म्हणे, "नेम चुकला की सगळ्या हसतात ना, आई!"

अमेरिकेच्या केटलिन क्लार्कचा 14 मे 2024 रोजी व्यावसायिक लीगमधला पहिलाच सामना होता. गुण केले 20, पण 10 वेळा चेंडू गमावला. पदार्पणात इतक्या वेळा तो कुणीच गमावला नव्हता! तरी ती बिचकली नाही. सामन्याला सरासरी 19.2 गुण करून त्या वर्षीची सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरली.

आपल्या पुण्याची शिरीन लिमये ज्या संघात होती, त्या भारतीय संघानं 2017 साली बंगळुरूत कझाकस्तानला 75-73 असं हरवलं. फरक दोनच गुणांचा, म्हणजे एका बास्केटचा. ती टाकायला कुणीतरी धजावलंच ना!

खरं तर चूक माझीच. "सांडू नकोस, चुकू नकोस," हेच मी तिला लहानपणापासून शिकवलं. आता संध्याकाळी एवढंच विचारते, "आज किती वेळा टाकलास?" किती पडले, ते नाही विचारत.

काल म्हणाली, "बारा!"