हातघडणीची लेखणी आणि तिचे मोल



बोरू गेला, टाक गेला, दौतही नाहीशी झाली. तरी लेखणीवरील माणसाचे प्रेम काही आटलेले नाही. पाच-दहा रुपयांत बरे लिहिणारे बॉलपेन कोणत्याही दुकानात मिळत असता, आठशे-नऊशे रुपये मोजून लाकडाचे हातघडणीचे पेन घेणारे लोक आहेत, याचे नवल वाटते खरे. परंतु तुमच्यापैकी ज्यांच्या घरी सुतारकाम चालते, ज्यांच्या पडवीत लहानसा का होईना लेथ आहे, त्यांनी या नवलाकडे जरा व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहावे. आपल्याकडील कारागिराला वस्तू उत्तम करता येते. तिचा भाव सांगताना मात्र त्याची जीभ अडखळते, आणि समोरचा माणूस घासाघीस करू लागण्यापूर्वीच तो आपल्या मजुरीवर पाणी सोडून मोकळा होतो. पुढची पिढी या धंद्यात का येत नाही, याचे एक कारण मला येथेच दिसते.

प्रथम पेन कसे होते ते थोडक्यात सांगतो. सुमारे दोन सेंटीमीटर जाडीचा लाकडाचा चौकोनी तुकडा घेऊन त्यात आरपार भोक पाडतात, त्या भोकात पितळेची नळी चिकटवतात, आणि मग तो तुकडा लेथवर चढवून हवा तेवढा बारीक कातून घेतात. टोक, क्लिप, मधले कडे आणि रिफिल आत-बाहेर करणारे फिरकीचे यंत्र हे धातूचे भाग तयार संचाच्या रूपाने विकत मिळतात. कारागिराचे कौशल्य लाकडात दिसते, पण पेनाचे आयुष्य पुष्कळसे या विकतच्या भागांवर अवलंबून असते.

लाकडासाठी झाड तोडण्याचे कारण नाही. एका पेनाला वीतभर लाकूडही लागत नाही. सुताराच्या दुकानातील टाकाऊ तुकडे, मोडलेल्या घराची चौकट, जुना पाट एवढे पुरे. जुन्या लाकडात दडलेला खिळा मात्र आधी शोधावा, नाहीतर हत्यार जायचे. फणसाचे लाकूड (आम्हा कोकणी बोलणाऱ्यांचा पणस) कातले की पिवळेधमक दिसते आणि उजेडाने हळूहळू तांबूस-तपकिरी होत जाते. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे, म्हणजे रंग उडाला अशी तक्रार घेऊन तो परत येत नाही. शिसवी गडद व भारदस्त, साग ओळखीचा. माडाच्या खोडाचा बाहेरचा कठीण भाग घेतला तर त्यातील काळ्या रेषा फार सुंदर उठून दिसतात, परंतु कातताना त्याचे तंतू उचकटतात, म्हणून हत्यार अतिशय धारदार हवे.

लाकूड कोणतेही असो, ते पुरते वाळलेले पाहिजे. पितळ आकसत नाही, लाकूड आकसते. ओल्या लाकडाचे पेन पावसाळ्यात केले तर उन्हाळ्यात उभे तडकते, आणि ते तेव्हा तुमच्या हातात नसून गिऱ्हाइकाच्या खिशात असते! तुकड्याचे वजन दर आठवड्याला करून लिहून ठेवावे. ते घटायचे थांबले म्हणजे लाकूड कामास आले.

चकाकी देण्यासाठी आपल्याकडे लाखकाम पूर्वापार चालत आले आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते, आणि वरून केवड्याचे पान फिरवून ती चमकवतात. सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्धच आहेत, त्या मुलखातील मुलांना लाखकाम नवे नाही. पण खेळणे आणि पेन यांत फरक आहे. लाख उष्णतेने मऊ पडते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. हात निर्जंतुक करण्याच्या द्रवात हेच मद्यार्क असते, आणि तसल्या ओल्या हातांनी पेन धरले की लाखेवर चिकट डाग पडतात. म्हणून जेथे बोटे टेकतात तेथे लाखेऐवजी आजकाल पुष्कळ कारागीर तत्काळ चिकटणाऱ्या गोंदाचे पातळ थर चढवून ते घासून घेतात. दिसायला ते थोडे काचेसारखे होते आणि मला तितकेसे आवडत नाही, पण टिकते.

आता विकतचे भाग. शिकाऊ माणूस बहुधा ७ मिलिमीटर नळीच्या बारीक पेनापासून आरंभ करतो, कारण तो संच स्वस्त असतो. त्यात क्रॉस धाटणीची बारीक रिफिल बसते. विक्रीसाठी मी पार्कर धाटणीची जाड रिफिल घेणारा संचच सुचवीन. या मापाच्या रिफिली अनेक कंपन्या काढतात आणि लहान गावातही त्या मिळण्याचा संभव अधिक. रिफिल संपल्यावर जे पेन पेटीत पडून राहते, त्याच्या मालकाकडून दुसऱ्या पेनाची मागणी कशी येणार?

मुलाम्याचेही तसेच. सोनेरी दिसणारे भाग दोन प्रकारचे असतात. एकावर खऱ्या सोन्याचा अत्यंत पातळ थर असतो, तो नावाला भारी, पण बोटांच्या घामाने टोकाशी लवकर झिजतो. दुसऱ्यावर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी व अतिशय कठीण थर असतो. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत हा दुसरा किंवा साधा क्रोमचा मुलामा घ्यावा. पन्नासेक रुपये अधिक पडले तरी हरकत नाही.

फाउंटनपेन करावयाचे झाल्यास प्रश्न निबाचा येतो. आंध्रातील राजमहेंद्री येथे रत्नम यांनी १९३२ पासून एबोनाइटची पेने हाताने घडवली. त्यांनी कुमारप्पांमार्फत पाठवलेले पेन वापरून, परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे अशा आशयाचे पत्र गांधीजींनी १९३५ मध्ये त्यांना पाठवले होते. आज मात्र हातघडणीच्या अनेक भारतीय पेनांना जर्मनीत बनलेले निब बसवलेले असते. यात लाजण्यासारखे काही नाही, परंतु ते सांगून विकावे. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कठीण केलेले रबर. ते उन्हात ठेवले की काळ्याचे तपकिरी होते, आणि त्यातील गंधकाने चांदीची क्लिप काळवंडते.

भाव ठरवताना अंदाज नको, कागद-पेन्सिल घ्या. उदाहरणादाखल काही आकडे धरू. संच १६० रुपये, लाकूड २०, गोंद, काचकागद व मेण मिळून १५, एकूण १९५. दहांतील एखादा तुकडा भोक पाडताना फुटतो, त्याचे २० धरा. वीज आणि हत्यारांची झीज ३५, पेटी ४०. हे झाले २९०. दीड तासाचे काम, तासाला १२० रुपयांप्रमाणे १८० मजुरी; बेरीज ४७०. गुंतवलेल्या पैशावर ८० रुपये नफा धरला तर भाव ५५० येतो. मजुरी आणि नफा हे दोन वेगळे रकाने आहेत, हे ध्यानात ठेवा. पुष्कळ जण दोन्ही एकत्र करतात आणि मजुरी म्हणून जे मिळाले त्यालाच नफा समजून खूश होतात.

हेच पेन पणजीतील एखाद्या दुकानात ठेवले, आणि दुकानदाराने विक्रीच्या ४० टक्के कापून घेतले, तर ५५० मधून हाती येतात ३३०. त्यातून २९० वजा करा. दीड तासाच्या मेहनतीला राहिले चाळीस रुपये! कोणी म्हणेल, मग भावात ४० टक्के वाढवू. ५५० चे ७७० झाले. पण दुकानदार आपला वाटा ७७० वर घेतो, म्हणून हाती ४६२ येतात. खर्च वजा जाता १७२ उरले. नफा तर नाहीच, मजुरीही पुरी पडली नाही. योग्य रीत अशी की ५५० ला ०.६० ने भागावे. उत्तर सुमारे ९१७. तेव्हा ९०० हा भाव ठेवला तर ५४० हाती पडतात. आणि जत्रेत स्वतः मांडलेल्या दुकानातही तोच भाव सांगावा. तेथे ५५० ला विकले तर दुकानदार तुमचे पेन पुन्हा ठेवणार नाही, आणि त्याचे तरी काय चुकले? ९०० रुपये फार वाटत असतील तर मजुरीला हात न लावता स्वस्त घडणीचा निराळा नमुना काढावा.

पेटीवर मात्र उधळपट्टी नको. पेन हलू नये, ओल लागू नये आणि टपालाने गेले तरी चेपू नये, एवढे काम तिने केले की झाले. जाड पुठ्ठ्याची साधी पेटी पुरते. काचेच्या झाकणाची पेटी एबोनाइटला घातकच, कारण ती दुकानाच्या खिडकीत जाऊन बसते. आत एक चिठ्ठी घालावी: लाकूड कोणते, रिफिल कोणत्या धाटणीची, ती कशी बदलावी, आणि पेन पाण्यात भिजवू नये. लाकूड जुन्या दाराचे असेल तर तसे लिहावे, नसेल तर लिहू नये. बंद पेटीत विकायचे असेल तर २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना व वर्ष, नगसंख्या, करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क पेटीवर छापावा लागतो. त्याचे लहानसे लेबल एकदाच करून घ्यावे.

मांडणी करताना प्रत्येक नमुन्याचे एक पेन पेटीबाहेर, रिफिल घालून, कोऱ्या वहीशेजारी ठेवावे. गिऱ्हाईक बहुधा पहिल्याने स्वतःची सही करून पाहते, आणि मग बरोबरच्या माणसाच्या हाती पेन देते. गर्दीच्या दिवशी ती वही दुपारपर्यंत भरते. दुसरी जवळ असू द्यावी.