किरणोपचार घेतलेल्या आजोबांजवळ नातवंडांनी बसावे का?

मराठवाड्यातील अनेक कर्करुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किरणोपचार घेतात. गावी परतल्यावर काही घरांत त्यांची खाट वेगळी केली जाते. ‘आजोबांच्या अंगात किरण आहेत’ म्हणून नातवंडांना दूर ठेवले जाते. आपल्या घरी असे होत असेल, तर ते आजच थांबवावे. बाहेरून यंत्राने दिलेले किरण शरीरात साठून राहत नाहीत. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसेच हे आहे. किरणोत्सारी आयोडीनसारखे औषध पोटात दिले असेल, तर मात्र काही दिवस अंतर पाळावे लागते. तेव्हा रुग्णालय तशी सूचना देते.

मुळात ‘रेडिएशन’ या शब्दाखाली एक मोठे कुटुंब नांदते. परभणी आकाशवाणीच्या १३०५ किलोहर्ट्झवरील मध्यम लहरीची लांबी सुमारे २३० मीटर भरते. मायक्रोवेव्ह शेगडीतील लहर १२ सेंटिमीटरची, टीव्हीच्या रिमोटमधील अवरक्त लहर मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाएवढी. त्याहून आखूड दृश्य प्रकाश, मग अतिनील किरण, क्ष-किरण आणि गॅमा किरण. लहर जितकी आखूड, तितका तिचा आघात तीव्र. रेडिओ, मोबाईल व अवरक्त लहरी फार तर ऊब देतात. क्ष-किरण आणि गॅमा किरण पेशींतील रेणू तोडू शकतात. कर्करोगाच्या गाठीवर हाच गुण उपयोगी पडतो.

कोरोनाच्या काळात बोटाला लावलेला ऑक्सिमीटर आपल्याला आठवत असेल. तांबडा आणि अवरक्त प्रकाश बोटातून किती आरपार जातो, यावरून तो रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सांगतो. त्यात भिण्यासारखे काहीच नाही.

छातीच्या एका एक्स-रेची मात्रा सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट असते. निसर्गाकडून तेवढी आपल्याला साधारण दहा दिवसांत मिळतच असते. न्हाणीघरात पडून खुब्याला मार बसला असता किरणांच्या भयाने एक्स-रे टाळणे हेच खरे धोक्याचे. सीटी स्कॅनची मात्रा बरीच अधिक असते. म्हणून जुने अहवाल जपून ठेवावेत आणि नव्या डॉक्टरांना दाखवावेत, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. सोनोग्राफीत तर केवळ ध्वनिलहरी असतात. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी वापरतात. पेसमेकर बसवला असल्यास तो आधी सांगावा.

आश्चर्य असे, की एक्स-रेला घाबरणारी मंडळी मे महिन्यात, पारा ४४ अंशांवर असताना, भर दुपारी उघड्या डोळ्यांनी शेतात जातात. तेथील अतिनील किरण मोतीबिंदूला हातभार लावतात. रुमाल किंवा पदर डोक्यावर असतोच. अतिनील किरण अडवणारा चष्माही असावा. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी ऊन घ्यायचे असेल, तर ओसरीवर किंवा अंगणात बसावे. बंद काचेमागे ऊब मिळते, जीवनसत्त्व तयार होत नाही. त्यासाठी लागणारे किरण काच अडवते.

शेकाच्या तांबड्या दिव्याबाबतही थोडे सांगायला हवे. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या व्यक्तीला तो भाजतो आहे हे कळत नाही. अशा पायांना डॉक्टरांना विचारल्याखेरीज शेक देऊ नये. दिला, तर शेजारी बसून हाताने कातडी चाचपत राहावे.