फिका पडलेला काळा डाग

आम्ही इतिहासाचे शिक्षक; वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. तरीही स्मरणिकेच्या निमित्ताने एका काळ्या डागाची गोष्ट मांडावीशी वाटते, कारण ती जाणून घेणे आपणा सर्वांच्या हिताचे आहे.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी अनिर्बंध वाढू लागल्या की मेलानोमा हा कर्करोग उद्भवतो. गोऱ्या वर्णाच्या लोकांत तो अधिक आढळतो. सावळ्या वर्णाच्या लोकांत तो विरळ. मात्र झालाच तर पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. नवल असे की, ही गाठ कधी कधी औषधावाचून ओसरते. अंशतः ओसरणे वैद्यकाला परिचित आहे. पूर्णतः ओसरणे दुर्मीळ.

हे घडते कसे? बिघडलेल्या पेशीच्या पृष्ठभागावर तिच्यातील प्रथिनांचे तुकडे प्रकट होतात. लसीका ग्रंथींत ते तुकडे ओळखण्याचा धडा घेतलेल्या टी-पेशी रक्तावाटे त्या जागी पोहोचतात, बिघडलेल्या पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडतात आणि आत विकरे सोडून तिचा नाश करतात. उरलेले रंगद्रव्य भक्षक पेशी गिळतात, तेथे व्रणासारखे तंतू निर्माण होतात, आणि काळा डाग करडा वा पांढुरका दिसू लागतो. काही रुग्णांत टी-पेशी निरोगी रंगपेशींवरही हल्ला करतात. मग अंगावर कोड उमटते.

परंतु डाग फिका पडला म्हणजे रोग गेला, असे मानणे घातक ठरेल. त्वचेवरील गाठ विरली, पण रोग तत्पूर्वीच लसीका ग्रंथींत पसरला होता, अशी उदाहरणे आहेत. शिवाय टी-पेशींनी अतिरेक करू नये म्हणून शरीराने त्यांना लगाम घातलेले असतात. कर्कपेशी त्यांचाच आधार घेऊन बचावतात. हे लगाम सैल करण्याची वाट दाखवल्याबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अशा औषधांपैकी इपिलिमुमॅबला मेलानोमासाठी अमेरिकेत २०११ सालीच मान्यता मिळाली होती.

आपल्या आईवडिलांचे तळपाय आपण शेवटचे कधी न्याहाळले? तेथील डाग वाढत असेल, रंग बदलत असेल, किंवा आपोआप फिका होत असेल, तरी घरगुती लेपावर विसंबू नये, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा. वेळीच काढलेली गाठ बहुधा जीव वाचवते, एवढे ध्यानी ठेवावे, ही आमची विनंती.