इंजिनात पाणी शिरलं तर दोरी ओढू नका!



उन्हाळा आला की आपल्याकडे मासेमारीचे बेत सुरू होतात. माउंट रॉस्किलची टेकडी दक्षिणेला उतरली की वायकोवाईला मानुकाऊचं पाणी समोरच येतं, मग मोह कसा आवरणार? आम्ही तीन कुटुंबांनी मिळून अशीच एक जुनी, सव्वाचार मीटरची ॲल्युमिनियमची बोट घेतली. तिला १५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, हाताने दोरी ओढून सुरू करायचं. हे इंजिन समुद्रात कधीच बुडालं नाही. बुडालं ते आमच्या गॅरेजमध्ये!

२७ जानेवारी २०२३ ची ती शुक्रवारची संध्याकाळ ऑकलंडमध्ये कोणी विसरणार नाही. विमानतळावर एका दिवसात २४० मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला आणि पुरात चार जणांचे जीव गेले. आपल्या भागातले ओढे-नाले रस्त्यावर आले. आमच्यातल्या एकांचं गॅरेज रस्त्यापेक्षा खाली आहे. पाण्याचा पंप बदलायचा म्हणून इंजिन बोटीवरून काढून तिथे लाकडी स्टँडवर ठेवलं होतं. सकाळी पाणी ओसरलं तेव्हा भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. इंजिन त्या रेघेच्या खाली.

आणि मग आम्ही तेच केलं जे करायचं नसतं. "बघू तरी, चालू होतंय का!" म्हणून एकाने दोरी ओढली. दोरी अर्ध्यात अडकली. आमचं नशीब की ती अडकली, आणि नशीब की इलेक्ट्रिक स्टार्टर नव्हता.

कारण असं, की हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये हवेऐवजी पाणी असेल तर त्याला जायला जागाच उरत नाही. स्टार्टरने जोर लावला तर पिस्टनला फिरत्या दांड्याशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन भंगारात. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस पडला होता. तेव्हा बुडालेल्या गाड्यांना पाणी ओसरल्यावर किल्ली मारून इंजिन घालवणारे आमच्याही ओळखीत होते. तरी शहाणपण आलं नव्हतं, हे कबूल करायला हवं.

शेवटी हर्णैला फोन लावला. आमच्यातल्या एकीचे मामा तिथे जन्मभर होडीवर होते. आपल्याकडे दुपारचे बारा म्हणजे तिकडे पहाटेचे साडेचार, पण मामा जागेच! पहिलं वाक्य: "दोरीला हात लावू नका, आधी प्लग काढा." आणि दुसरं: "आजच करा. उद्या नको."

हा "आजच" फार महत्त्वाचा. इंजिन पाण्यात असतं तोवर गंज हळू चढतो. पाण्याबाहेर काढलं आणि ओल्या धातूला हवा लागली, की बेअरिंग आणि सिलिंडरच्या भिंती काही तासांत गंजू लागतात. खारं पाणी असेल तर आणखी भराभर. म्हणून समुद्रात बुडालेलं इंजिन लगेच उघडता येणार नसेल तर ते गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवतात. ऐकायला उलटं वाटतं, पण बरोबर आहे.

विम्यासाठी आधी फोटो काढले. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, म्हणून हातमोजे आणि गमबूट घातले. गॅरेजच्या विजेच्या बटणांना हात लावला नाही. मग इंजिन बाहेर आणून, वरचं झाकण काढून बागेच्या नळीने हळू धारेने धुतलं. जोराच्या धारेने चिखल आणखी आत जातो. प्लग काढले, इंजिन आडवं केलं, प्लगची भोकं खाली. आता मात्र दोरी हळूहळू ओढायची. तपकिरी पाण्याची चूळ बाहेर पडली! पाणी थांबेपर्यंत हेच चालू ठेवलं. मग भोकांतून थोडं मेथिलेटेड स्पिरिट घातलं, कारण ते उरलेलं पाणी आपल्यात ओढून घेतं. तेही काढून टाकलं आणि शेवटी थोडं इंजिन ऑइल सोडून पुन्हा फिरवलं. (स्पिरिट लगेच पेटतं, म्हणून हे काम उघड्यावर करावं. आमचे एक सभासद सिगारेट घेऊन बघायला आले, त्यांना परत पाठवलं.)

खालचं ऑइल काढलं तर अगदी दुधाच्या चहासारखं! ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची ही खूण. कार्ब्युरेटरची वाटी रिकामी केली, जुनं पेट्रोल वापरलंच नाही. विजेचे जोड धुऊन, वाळवून त्यांवर पाणी हटवणारा स्प्रे मारला. नवं ऑइल, नवे प्लग. पाणी ओढायच्या जाळीवर नळीचे रबरी कानटोप लावले, आधी नळ सोडला आणि मग दोरी ओढली. आठव्या-नवव्या झटक्याला इंजिन खोकत सुरू झालं. तासभर चालू ठेवलं, कारण आतला ओलावा उष्णतेनेच जातो. ऑइल पुन्हा दुधाळ. बदललं. संध्याकाळी तिसऱ्यांदा बदललं तेव्हा कुठे स्वच्छ राहिलं. काढलेलं सगळं ऑइल डब्यात भरून वापरलेलं तेल स्वीकारणाऱ्या केंद्रात दिलं. इथल्या रस्त्याकडेच्या गटारात ओतलेलं तेल सरळ ओढ्यात आणि समुद्रात जातं.

आमचं इंजिन बंद असताना बुडालं, म्हणून हे घरी जमलं. चालू इंजिन बुडालं असेल, उदाहरणार्थ बोटीचं मागचं बूच लावायला विसरलात आणि लाट आत आली, तर रॉड आधीच वाकलेला असू शकतो. तेव्हा धुवा, प्लग काढून पाणी काढा आणि सरळ मेकॅनिककडे न्या. दोरी ओढताना कुठे अडकत किंवा घासत असेल तरी तेच. कॉम्प्युटरवर चालणारी नवी इंजिनंही घरी उघडू नयेत. डिझेल इनबोर्डवाल्यांसाठी एकच: इंजिन सुरू होत नसताना स्टार्टर मारत राहू नका. थंड करायचं समुद्राचं पाणी एक्झॉस्टमध्ये साठत जातं आणि तिथून उलटं सिलिंडरमध्ये येतं.

दोन आठवड्यांनी बोट पाण्यात घातली. इंजिनवर लगेच विश्वास टाकायची आमची हिंमत नव्हती. मानुकाऊची ओहोटी जोरदार असते, आणि बंद पडलेली बोट ती कुठे नेईल ते सांगता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी मुलांना घेतलं नाही. किनाऱ्याजवळच राहिलो, वल्ही आणि नांगर हाताशी, लाइफजॅकेट सगळ्यांच्या अंगावर, व्हीएचएफ चॅनल १६ वर. दोन तास इंजिन एका सुरात चाललं. दोन कहावाई मिळाले. त्यांचा फोटो मामांना पाठवला, तर उलट विचारणा आली: "मासे राहू देत, ऑइलची पट्टी काढून पाहिलीत का?"

पाहिली होती. ऑइल स्वच्छ होतं.